गणिताच्या तासाला रांगोळी: चित्र कुठवर न्यायचे आणि कुठे सोडायचे

सहावी ते आठवीला गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न असा आहे. कलेच्या आधाराने गणित शिकवावे असे वरून सांगितले जाते, त्याप्रमाणे त्या वर्षातून तीन-चार प्रकल्प घेतात. मुले हौसेने तक्ते रंगवतात, वर्गाच्या भिंती भरून जातात. पण घटक चाचणीत ज्यांना गणित आधीपासून येत होते त्यांनाच ते येते आणि बाकीची मुले होती तिथेच राहतात. मग हा खटाटोप करावा का, आणि करायचाच तर कसा?

मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आहे आणि आता शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करतो. माझे उत्तर असे की हा खटाटोप जरूर करावा. मात्र आपण सध्या ज्याला चित्रातून गणित म्हणतो, त्यातला बराचसा भाग गणिताशेजारी ठेवलेले चित्र असतो. मी स्वतः सुरुवातीची सहा-सात वर्षे तेच करत होतो. एका वर्षी आम्ही शाळेत मोठे गणित प्रदर्शन भरवले. अंकांना चेहरे काढले होते, त्रिकोणांची घरे केली होती, सूत्रांभोवती फुलांच्या वेलबुट्ट्या होत्या, पालकांनी कौतुक केले. पुढच्या आठवड्यात मी सातवीच्या वर्गात विचारले की त्या घराच्या छपराचा त्रिकोण कोणत्या प्रकारचा होता, त्याचे कोन किती अंशांचे होते. ज्या मुलाने ते घर काढले होते त्यालाही उत्तर देता आले नाही, आणि त्यात त्याचा काहीच दोष नव्हता, कारण घर काढताना त्याला कोनाचा विचार करावा लागलाच नव्हता. त्रिकोण कसाही काढला असता तरी घर चांगलेच दिसले असते.

तेव्हापासून मी प्रत्येक चित्रउपक्रमाला एकच प्रश्न लावतो: या चित्रातून गणित काढून घेतले तर चित्र बिघडते का? बिघडत नसेल तर तो तास चित्रकलेचा आहे. तो अवश्य घ्यावा, पण त्याला गणिताचा तास म्हणू नये. बिघडत असेल, म्हणजे मोजमाप चुकले की नक्षी जुळतच नाही, एक ठिपका कमी पडला की रेघ पुढे जातच नाही असे असेल, तर त्या चित्रात गणित आत आहे आणि मुलाला ते टाळता येणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-समेकित अध्यापनाचा जो आग्रह आहे, त्याचा अर्थ मी असाच लावतो.

सर्वांत जवळचे आणि फुकट मिळणारे उदाहरण ठिपक्यांच्या रांगोळीचे आहे. ती आपल्या अंगणात आहे, वर्गातल्या निम्म्या मुलांना तिची भाषा आधीच अवगत आहे, आणि त्या भाषेत संख्या आहेतच. ‘एक ते नऊ ते एक’, ‘नऊ ते पाच’, ‘पंधरा ते आठ’ असे आपण म्हणतो, तेव्हा ठिपके किती आणि कसे मांडायचे याची पूर्ण कृती त्या तीन-चार शब्दांत सांगून टाकलेली असते. उदबत्तीने वर्तमानपत्राला भोके पाडून केलेला ठिपक्यांचा कागद अजून पुष्कळ घरांत असतो. तो मुलांकडून मागवून घ्यावा. मुलगे सुरुवातीला मागे राहतात, हे काम आपले नाही असे त्यांना वाटते. त्यांच्याकडे मोजणी द्यावी, दहा मिनिटांत ते जमिनीवर बसतात.

मी प्रथम सरळ ठिपक्यांची, म्हणजे उभ्या-आडव्या ओळी जुळणारी रांगोळी घेतो. व्हरांड्यात खडूने एक, तीन, पाच, सात, नऊ, सात, पाच, तीन, एक असे ठिपके मांडायचे. मग विचारायचे की एकेक ठिपका न मोजता एकूण किती ते सांगा. बहुतेक मुले ओळींची बेरीज करतात आणि ४१ सांगतात. ते बरोबर आहे, पण तिथे थांबू नये. आणखी कसे मोजता येईल, असे विचारत राहावे. दर वर्षी कोणीतरी मान तिरकी करते आणि त्याला दिसते की तिरप्या ओळी पाच-पाच ठिपक्यांच्या आहेत, त्या पाच आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटींत चार-चार ठिपक्यांच्या चार ओळी आहेत. दोन रंगांचे खडू घेऊन ठिपके गिरवले की पाच गुणिले पाच आणि चार गुणिले चार असे दोन चौरस एकमेकांत बसलेले दिसतात: २५ आणि १६, मिळून ४१. आता पुन्हा आडव्या ओळींकडे यायचे. वरून मधल्या ओळीपर्यंत १ + ३ + ५ + ७ + ९, आणि खालून वर येताना १ + ३ + ५ + ७. पहिली बेरीज २५ आणि दुसरी १६. एकपासून क्रमाने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या असते, हा नियम फळ्यावर लिहून पाठ करायला दिला असता तर चार दिवसांत विसरला गेला असता. इथे एकच आकृती दोन प्रकारे मोजली आणि दोन्ही मोजण्या जुळल्याच पाहिजेत, म्हणून तो नियम मिळाला. चित्राचा गणिताला होणारा मोठा उपयोग मला यातच दिसतो: एकच वस्तू दोन नजरांनी मोजायची आणि त्या दोन मोजण्यांच्या मध्ये बरोबरचे चिन्ह ठेवायचे. बीजगणितातली सगळी नित्यसमीकरणे मुळात हीच गोष्ट करतात.

अधल्यामधल्या ठिपक्यांची, म्हणजे एका ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पुढच्या ओळीचा ठिपका येणारी रांगोळी याहून श्रीमंत आहे आणि तिच्यासाठी मी दोन पूर्ण तास राखून ठेवतो. ‘नऊ ते पाच’ घ्यावी. मधल्या ओळीत नऊ ठिपके, वर-खाली एकेक कमी होत पाचपर्यंत. ठिपक्यांचा षटकोन तयार होतो. बेरीज ५ + ६ + ७ + ८ + ९ + ८ + ७ + ६ + ५, म्हणजे ६१. मुलांनी ही संख्या वहीत लिहून ठेवावी. मग मी सुताराकडून एक इंची पट्टी कापून घेतलेले १२५ लाकडी ठोकळे काढतो, त्यांचा पाच गुणिले पाच गुणिले पाच असा मोठा घन रचतो आणि एका कोपऱ्याच्या बरोबर समोर डोळा आणून तो पाहायला सांगतो. घनाच्या तीन बाजू एकदम दिसतात आणि त्यांची बाह्यरेषा षटकोनाची असते. प्रश्न: तुम्हाला किती ठोकळे दिसतात?

एका वर्षीचा प्रसंग मला अगदी तपशिलाने आठवतो. वर्गात क्वचितच बोलणारी एक मुलगी घनासमोर उकिडवी बसली होती. तिने वरची बाजू २५, डावी २५, उजवी २५, असे ७५ सांगितले. शेजारच्या मुलाने लगेच हरकत घेतली की कडेचे ठोकळे दोन्ही बाजूंत मोजले गेले. तीन कडा, प्रत्येकीवर पाच ठोकळे, म्हणून तिने १५ वजा केले आणि ६० आले. आता सगळे गप्प झाले, कारण काही मुलांना रांगोळीचे ६१ आठवत होते आणि दोन्ही संख्या इतक्या जवळ आल्या होत्या की एकाचा फरक खटकत होता. ती मुलगी बराच वेळ घनाकडे पाहत राहिली. मग तिने अगदी पुढच्या कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, “सर, ह्याला आपण तीनदा मोजलं आणि तीनदा काढून टाकलं. म्हणजे हा मोजलाच नाही.” तो एक परत मिळवला आणि ६१ झाले. पदवीच्या वर्गात संचांची गणना शिकवताना जी युक्ती सूत्रासह सांगतात, ती त्या मुलीने बोटाने सांगितली होती.

त्यानंतर दिसणारे ६१ ठोकळे हाताने काढून बाजूला ठेवायचे. आत चार गुणिले चार गुणिले चार असा घन उरतो. १२५ मधून ६४ गेले की ६१, ही झाली त्याच आकृतीची आणखी एक मोजणी. पुन्हा दिसणारे ठोकळे काढले की ३७ निघतात, ती ‘सात ते चार’ची रांगोळी; मग १९, ती ‘पाच ते तीन’ची; मग ७, ‘तीन ते दोन’; आणि शेवटी एकटा ठोकळा. म्हणजे १ + ७ + १९ + ३७ + ६१ ही बेरीज बरोबर १२५ येते. दिवाळीत दारापुढे काढलेल्या पाच रांगोळ्या एकावर एक रचल्या तर घन तयार होतो, ही गोष्ट मुले घरी जाऊन सांगतात, आणि आजी-आईला त्यांनी ती सांगावी असे मला मनापासून वाटते, कारण हे ठिपके ज्यांच्या हातांनी जपले त्यांनाही त्यातले गणित आपले वाटले पाहिजे. आठवीच्या वर्गात इथून पुढे जाता येते. षटकोनाच्या एका बाजूवरच्या ठिपक्यांची संख्या क मानली तर एकूण ठिपके ३क² − ३क + १ होतात. तेच पद क³ मधून (क − १)³ वजा केले की मिळते. विस्तारसूत्र तोपर्यंत नुसते अक्षरांचे होते, आता त्याच्या प्रत्येक पदाला जागा असते: ३क² म्हणजे तीन बाजू, ३क म्हणजे तीन कडा आणि १ म्हणजे तो कोपऱ्यातला ठोकळा.

आता भूमितीकडे. सहावीच्या वर्गात पुठ्ठ्याचा एक चौरस हातात धरावा आणि हे काय आहे असे विचारावे. सगळे चौरस म्हणतात. तोच पुठ्ठा सर्वांदेखत ४५ अंशांनी फिरवावा आणि पुन्हा विचारावे. अर्धा वर्ग म्हणतो, “शंकरपाळी”. पुठ्ठा बदलला नाही, बाजू बदलल्या नाहीत, तरी मुलांच्या लेखी आकृती बदलली. पिएर आणि दिना व्हान हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ च्या सुमारास भूमितीतल्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या, त्यातली पहिली पायरी हीच आहे: मूल आकृती तिच्या एकूण रूपावरून ओळखते, गुणधर्मांवरून नाही. पाठ्यपुस्तकांतले चौरस नेहमी पायावर उभे असतात, त्रिकोणाचा पाया नेहमी खाली असतो, काटकोन बहुधा डावीकडे खाली असतो, आणि त्यामुळे चित्रच मुलाला चुकीची गोष्ट शिकवते. म्हणून आकृत्या फिरवून, उलट्या करून, तिरप्या काढून दाखवणे ही गणित शिक्षकाची रोजची सवय असावी. वर सांगितलेली ४१ ठिपक्यांची रांगोळी या कामाला फार उपयोगी पडते, कारण तिच्यातले दोन्ही चौरस शंकरपाळीसारखेच उभे असतात आणि तरी मुलांना ते चौरस म्हणून मोजावे लागतात.

वारली चित्रांबद्दल मला थोडे सावधपणे लिहायचे आहे. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांपासून वारली चित्र होते, असे सांगून मुलांकडून दोन त्रिकोणांची माणसे काढून घेणे हा सर्वाधिक चालणारा उपक्रम आहे आणि बहुधा तोच सर्वांत पोकळ ठरतो. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक ही त्या समाजाची पूजेची गोष्ट आहे. पालघर-डहाणूकडच्या या कलेला जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतली शेकडो माणसे पाहिली तर एकाचेही अंग दुसऱ्यासारखे वळलेले नसते. तिथेच गणिताचा प्रश्न आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की कमरेच्या बिंदूपाशी काय होते? माणूस ताठ उभा असेल, खांद्याची रेषा आणि खालच्या त्रिकोणाचा पाया समांतर असतील आणि तिरप्या बाजू कमरेतून सरळ पलीकडे जात असतील, तर कमरेपाशी परस्पर विरुद्ध कोन समान होतात, व्युत्क्रम कोन समान होतात आणि दोन्ही त्रिकोण समरूप ठरतात. तो वाकला की वरचा त्रिकोण कमरेच्या बिंदूभोवती फिरतो. लांबी तीच राहते, कोन बदलतो, समांतरपणा जातो. मुलांना एकच माणूस ताठ, १५ अंश वाकलेला आणि ३० अंश वाकलेला असा तीनदा काढायला सांगावा, कंपासपेटी हातात देऊन. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच काढायचा असेल तर आधी एक साधा गोल घ्यावा: एका गोलात समान अंतरावर २४ नाचणारे असतील तर प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा १५ अंशांनी वळलेला असतो. हे न मोजता काढले तर शेवटच्या दोघांत फट पडते किंवा ते एकमेकांवर चढतात, आणि चूक झाली हे शिक्षकाने सांगावे लागत नाही.

नववी-दहावीला समरूप त्रिकोण शिकवताना मी खिडकीची काच वापरतो. काचेपासून डोळा ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवायचा, एक डोळा मिटायचा, हनुवटी स्टुलावर रचलेल्या पुस्तकांवर टेकवायची म्हणजे मान हलत नाही, आणि बाहेर जे दिसते ते काचेवर पुसता येणाऱ्या पेनने गिरवायचे. रस्त्याकडेला सहा मीटर उंचीचे विजेचे खांब असतील आणि त्यांतला एक डोळ्यापासून २० मीटरवर असेल तर तो काचेवर ९ सेंटिमीटरचा येतो. ४० मीटरवरचा तसाच खांब साडेचार सेंटिमीटरचा. अंतर दुप्पट झाले की चित्रातली उंची निम्मी होते. खांबाची खरी उंची माहीत नसेल तर उलट गणित करून ती काढता येते, आणि मग ती प्रत्यक्ष विचारून ताडूनही पाहता येते. चित्रकलेत ज्याला यथार्थदर्शन म्हणतात त्याचे नियम पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ब्रुनेलेस्की आणि आल्बेर्ती यांच्या कामातून पक्के झाले, आणि जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५२५ साली मोजमापावर लिहिलेल्या ग्रंथात चौकटीतून वस्तू पाहून चित्र काढणारी माणसेच दाखवली आहेत. तुमच्या वर्गातली मुले काचेवर जे करतात ते त्याच जातीचे काम आहे, हे त्यांना सांगावे. चित्र चांगले न येणाऱ्या मुलालाही इथे अचूक चित्र येते, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते.

पाढ्यांसाठी एक सोपा उपक्रम आहे, त्यात वेळ कमी आणि लाभ पुष्कळ. लाकडी फळीवर वर्तुळाकार दहा खिळे समान अंतरावर ठोकावेत, त्यांना ० ते ९ क्रमांक द्यावेत आणि पाढ्यातल्या प्रत्येक संख्येचा फक्त एकक स्थानचा अंक घेऊन त्या त्या खिळ्यावरून रंगीत दोरा न्यावा. दोनाच्या पाढ्याने पंचकोन होतो, चाराच्या पाढ्याने पाच टोकांचा तारा, तिनाच्या पाढ्याने दहा टोकांचा तारा, पाचाचा पाढा नुसता पुढे-मागे जातो. सात घेतले की पुन्हा तिनाचाच तारा उमटतो, दोरा उलट्या दिशेने फिरतो. मुले स्वतःच म्हणतात की आठाचा पंचकोन होईल आणि सहाचा पाच टोकांचा तारा. तीन आणि सात मिळून दहा होतात, म्हणून सात पावले पुढे जाणे म्हणजे तीन पावले मागे जाणे, हे कोणीतरी बोलून दाखवेपर्यंत थांबावे. कोणत्या पाढ्याने सगळे खिळे घेतले जातात, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना मसावि हा शब्द पहिल्यांदा कशासाठी तरी उपयोगी पडतो.

आता चित्रांच्या धोक्यांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे मूळ मला तिथे वाटते. चित्र समजावून सांगते तसेच ते फसवतेही, आणि आपण ते फसवणे वर्गात लपवून ठेवतो. अपूर्णांकांचे उदाहरण घ्या. एक पट्टी दोन भागांची, त्यातला एक रंगवलेला. दुसरी पट्टी तीन भागांची, त्यातला एक रंगवलेला. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बेरीज विचारली की मूल रंगवलेले दोन आणि एकूण पाच मोजते आणि दोन पंचमांश सांगते. आपण त्याला हळहळत चूक म्हणतो, पण आपल्या चित्राने त्याला दुसरे काही सांगितलेच नव्हते. पट्ट्या दोन ठेवल्या, म्हणजे ‘पूर्ण’ कशाला म्हणायचे ते आपणच बदलले. त्याऐवजी वड्यांची एकच थाळी काढावी, दोन आडव्या ओळी आणि तीन उभ्या रांगा, एकूण सहा वड्या. थाळीचा अर्धा भाग म्हणजे एक ओळ, तीन वड्या. तिसरा भाग म्हणजे एक रांग, दोन वड्या. मिळून सहापैकी पाच. इथे छेद समान का करायचा हे चित्रच विचारते, कारण वड्या एकाच मापाच्या असल्याशिवाय मोजताच येत नाहीत. थाळी कोणती काढायची, किती ओळी आणि किती रांगा, हा निर्णय मुलावर सोडला तर लसावि तिथे आपोआप येतो.

फसवणाऱ्या चित्राचे एक प्रसिद्ध उदाहरण वर्गात मुद्दाम करून दाखवावे. आठ गुणिले आठ चौकटींचा कागद घ्यावा. त्याचे तीन आणि पाच चौकटी रुंदीचे दोन पट्टे करावेत. लहान पट्टा कर्णातून कापून दोन त्रिकोण करावेत, मोठा पट्टा तिरपा कापून दोन सारखे समलंब चौकोन करावेत, ज्यांच्या समांतर बाजू तीन आणि पाच चौकटींच्या असतील. हे चार तुकडे पाच गुणिले तेरा अशा आयतात मांडता येतात. ६४ चौकटींच्या ६५ झाल्या. मुले तुकडे पुन्हा पुन्हा मांडतात, कात्रीला दोष देतात, शिक्षकाने हातचलाखी केली असे म्हणतात. मग चढ मोजायला लावावा: त्रिकोणाच्या तिरप्या बाजूचा चढ आठाला तीन, म्हणजे ०.३७५, आणि समलंबाच्या तिरप्या बाजूचा पाचाला दोन, म्हणजे ०.४. दोन रेषा एकसारख्या दिसतात, पण एक नाहीत. त्यांच्यामध्ये एक अतिशय अरुंद फट राहते आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर एक चौकट असते. या तासानंतर ‘दिसते आहे की’ हे उत्तर सिद्धता म्हणून चालणार नाही, हे वर्गाला एकदाच सांगावे लागते.

याउलट जे चित्र सिद्धतेपर्यंत नेते तेही दाखवावे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात काटकोन त्रिकोणाच्या बाजू १५ आणि २० दिल्या आहेत आणि कर्ण विचारला आहे. असे चार त्रिकोण पुठ्ठ्याचे कापावेत, कर्ण बाहेर ठेवून त्यांचा चौरस रचावा. मध्ये पाच सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भोक राहते. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ ६००, भोकाचे २५, एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. इथे मुलांना विचारावे की बाहेरची आकृती चौरसच आहे कशावरून? तिचा प्रत्येक कोपरा त्रिकोणाच्या दोन लघुकोनांचा मिळून झाला आहे आणि त्यांची बेरीज ९० अंश असते, हे उत्तर आले की चित्राचे काम संपले आणि सिद्धता सुरू झाली.

सुवर्ण गुणोत्तराबद्दल विचारणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. प्रत्येक सुंदर इमारतीत, चेहऱ्यात आणि शंखात ते सापडते, असे दाखवणारे तक्ते मी वर्गातून काढून टाकायला सांगतो. चित्रावर जाड रेघेचा आयत हवा तसा सरकवला की तो कुठेही बसतो. मुलांना पट्टी द्यावी, दहा वस्तू मोजायला सांगाव्यात आणि जे गुणोत्तर येईल ते प्रामाणिकपणे लिहायला सांगावे. ती सवय त्या तक्त्यांपेक्षा मोलाची आहे.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतील तर त्यांच्याकडे आधी जावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी ते मुलांकडून कर्तव्यभूमिती, म्हणजे पट्टी-कंपासने अचूक आकृत्या काढण्याचे काम करून घेतात. दिलेल्या बाजूवर नियमित पंचकोन काढणारी मुले तुमच्याच वर्गात बसलेली असतात आणि ते तुम्हाला ठाऊक नसते. गुण द्यायचे असतील तर रंगकामाला देऊ नयेत. चित्राखाली मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या दोन-तीन वाक्यांना द्यावेत: मी काय मोजले, दुसऱ्या कोणत्या प्रकारे मोजले, आणि ही आकृती एका पायरीने मोठी केली तर काय होईल. वर्गात दृष्टी अधू असलेले मूल असेल तर ठिपक्यांच्या जागी ज्वारीचे दाणे आणि रेघेच्या जागी सुतळी फेव्हिकॉलने चिकटवावी. डोळे मिटून बोटांनी ४१ मोजण्याचा खेळ मग सगळाच वर्ग मागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्र सोडण्याची वेळ. तुमची मुले होती तिथेच राहतात याचे एक कारण हे असू शकते की चित्र पूर्ण झाले की प्रकल्प पूर्ण होतो. खरे तर चित्र अपुरे पडेल असा प्रश्न तिथेच विचारायला हवा. नऊ ते पाचची रांगोळी मोजून झाली, आता १९९ ते १०० ची सांगा. इतकी मोठी रांगोळी कोणी काढणार नाही, ठोकळेही पुरणार नाहीत, आणि म्हणूनच त्या क्षणी ३क² − ३क + १ ची गरज मुलांना स्वतःला भासते. ज्या मुलांनी ठिपके हाताने मांडलेले असतात ती मुले सूत्र विसरली तरी पुन्हा बांधू शकतात, कारण तीन बाजू, तीन कडा आणि एक कोपरा त्यांच्या लक्षात असतो.

एका वर्षी आठवीच्या एका मुलाने वहीत रांगोळ्यांच्या ठिपक्यांची यादी केली होती: १, ७, १९, ३७, ६१, ९१, १२७, १६९. शेवटच्या संख्येभोवती त्याने गोल काढला होता. ‘पंधरा ते आठ’च्या रांगोळीत १६९ ठिपके येतात आणि १६९ म्हणजे १३ चा वर्ग, म्हणजे तेच ठिपके षटकोनातही बसतात आणि तेरा ओळींच्या चौरसातही. अशी दुसरी रांगोळी आहे का, असे त्याने मला विचारले. मी उत्तर दिले नाही. आम्ही दोघांनी संगणकाच्या तक्त्यात सूत्र घातले आणि ओळी खाली खाली ओढत गेलो. एकदा त्याला वाटले की अशी नसेलच. षटकोनाच्या एका बाजूवर १०५ ठिपके आले तेव्हा ती सापडली: मधल्या ओळीत २०९, एकूण ३२,७६१ ठिपके, आणि तो १८१ चा वर्ग. त्याने तो आकडा वहीत लिहिला, खाली दुहेरी रेघ मारली आणि विचारले की याच्या पुढची कुठे असेल.